द्राक्षवेलीची फूट एकसारखी आणायची तर: ओलांडा, सबकेन आणि दोन छाटण्या

बाग एकाच दिवशी छाटलेली असते. तरी एका वेलीवर पाच पानांची फूट आणि घड बाहेर, तर शेजारच्या वेलीवर डोळा नुसता कापसलेला. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्याच्या पूर्वेकडे, तेलसंग-ऐगळीच्या पट्ट्यात किंवा तिकडून जतकडे जाताना, ऑक्टोबरअखेर अशा बागा हमखास दिसतात. दोष बहुतेक वेळा पेस्टिंगच्या, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या औषधाला नाहीतर छाटणीच्या टोळीला दिला जातो. खरं कारण सहा महिने मागे असतं. ऑक्टोबरची छाटणी नवीन काही घडवत नाही. एप्रिल ते सप्टेंबर काड्या जशा वाढवल्या, तशाच त्या फुटतात.

मागेपुढे फुटलेल्या बागेत पुढचं प्रत्येक काम अडतं. केवडा रोगाची फवारणी पोंगा (पान अजून उलगडायचं असतं ती अवस्था), तीन पानं, पाच पानं अशा अवस्थेवर ठरते; बागेत तिन्ही अवस्था एकदम असल्या तर कुठलीच फवारणी वेळेवर पडत नाही. जीएची (जिबरेलिक आम्लाची) बुडवणी काही घडांना लवकर होते, काहींना उशिरा. आपल्या भागातला बराचसा माल बेदाण्याला जातो, तिथे तर फरक डोळ्यांनी दिसतो. बेदाण्याला मण्यात २२ ब्रिक्सच्या वर गोडी लागते. अर्धे घड २४ वर आणि अर्धे १८ वर असताना एकदम तोडणी केली की शेडमध्ये एकाच जाळीवर भरीव आणि पापडी बेदाणा मिसळतो. उतारा घटतो, प्रतवारीत भाव तुटतो.

वेल मुळात मागेपुढे का फुटते

थंड देशात द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि वसंतात सगळे डोळे जवळपास एकदम जागे होतात. आपल्याकडे ती कधीच पुरती झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटून आपण तिला भाग पाडतो: एप्रिलात खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरात गोडी छाटणी मालासाठी. थंडीने होणारी विश्रांती मिळत नसल्यामुळे शेंड्याचा जोर कायम राहतो. काडीच्या टोकाचा डोळा आधी फुटतो आणि खालच्यांना दाबून ठेवतो. ओलांड्याचंही, म्हणजे खोडाच्या माथ्यावरून तारेवर आडव्या नेलेल्या कायमच्या फांदीचंही, तेच. तो तारेवर आडवा, सपाट बसलेला असेल तर जोर सगळीकडे वाटला जातो; टोक वर गेलं असेल तर सगळा जोर टोकाकडे पळतो आणि खोडाजवळचा भाग मोकळा पडत जातो.

त्यामुळे वळण देण्याच्या सगळ्या कामाचं सूत्र एकच ठेवायचं: पुढे गेलेल्या फुटीला थांबवायचं, मागे राहिलेलीला चालू द्यायचं. सगळ्यांना एकाच दिवशी एकच कात्री लावली तर फरक तसाच राहतो, उलट वाढतो.

हे सगळं जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागासाठी आहे. खानापूरच्या पावसात आणि ओल्या हवेत द्राक्षाचा नाद करू नये. तिथला निसर्ग काजूला आणि भाताला दिलेला आहे.

खोड आणि ओलांडा: पहिलं वर्ष

जमीन भारी काळी आणि बोअरचं पाणी मचूळ असेल तर डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेलीच बाग धरावी. ९ बाय ५ फुटांवर एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेवर पाचर कलम करतात. त्या वेळी हवेत ओलावा असतो आणि ऊनही पुरेसं असतं, म्हणून कलम चांगलं धरतं. कलमकाडी ८ ते १० मिमी जाडीची, पक्व आणि चांगल्या माल देणाऱ्या वेलीवरची घ्यावी. सगळ्या बागेला एकाच जाडीच्या काड्या वापरल्या तर निम्मा फरक इथेच टळतो.

थंडीत कलमाची वाढ रेंगाळते. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत रात्रीचं तापमान १५ अंशांच्या वर टिकायला लागलं की रिकट घ्यायचा: कलमाच्या जोडाच्या वर तीन-चार डोळे राखून वेल कापायची आणि डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करायचं. कलमाला कितीही चांगली वाढ दिसली तरी रिकट चुकवू नये. थंडीत वाढलेलं खोड खाली बारीक, मध्येच जाड आणि पेरांना आखूड असतं. त्याच्यावर उभा केलेला ओलांडा आयुष्यभर खालीवर फुटतो.

रिकटनंतर निघालेल्या फुटींतली सरळ आणि जोमदार एक ठेवायची. दुसरी एक राखीव म्हणून दोन आठवडे ठेवली तर बरं, वाऱ्याने पहिली मोडली तर कामी येते. राखलेली फूट बांबूला दर सहा इंचांवर सुतळीने सैल बांधत न्यायची. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, म्हणजे खोड जाड होताना सुतळी रुतत नाही. खोडावरच्या बगलफुटी मुळापासून लगेच काढू नका. दोन-तीन पानांवर खुडून ठेवा, त्या पानांनी खोड जाड होतं. खोड पेन्सिलीपेक्षा जाड झालं की मग त्या काढायच्या.

ओलांड्याची तार जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर असते. शेंडा तारेच्या वर गेला की तारेच्या चार ते सहा बोटं खाली खुडायचा. वरच्या दोन बगलफुटी दोन बाजूंना घ्यायच्या, पण लगेच आडव्या पाडायच्या नाहीत. आधी इंग्रजी व्हीसारख्या तिरप्या वाढू द्यायच्या आणि फूटभर झाल्यावर हळूहळू तारेवर उतरवायच्या. काटकोनात वाकवलेल्या फुटीच्या वाकणावर नेमकी एक दांडगी पाणफूट निघते आणि ती पुढच्या सगळ्या भागाचा जोर खाते.

आता सगळ्यात जास्त लक्ष देण्याचं काम. ओलांडा एका दमात तारेवर पळवायचा नाही. बागायतदार ज्याला ‘थांबा आणि पुढे चला’ म्हणतात ती पद्धत घ्यायची. फुटीला नऊ-दहा पानं आली की सातव्या पानावर खुडायची. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि सातही पेरांवर बगलफुटी निघतात. याच पुढे तुमच्या काड्या. त्यांतली सर्वांत टोकाची बगलफूट तारेवर पुढे ओलांडा म्हणून चालवायची, तिला परत नऊ-दहा पानं आली की परत सातव्यावर खुडायची. पाच फुटांच्या अंतरात प्रत्येक बाजूला अडीच फुटांचा ओलांडा लागतो, तो अशा दोन टप्प्यांत पुरा होतो. शेजारच्या वेलीच्या ओलांड्याला टोक भिडवू नका, मूठभर जागा मोकळी सोडा.

घाई करून एका दमात नेलेल्या ओलांड्यावर खोडाजवळची पाच-सहा पेरं आंधळी राहतात. तिथे पुढे काडी आणायची म्हटलं तर प्रत्येक एप्रिलात झगडावं लागतं. पहिल्या वर्षी वीस दिवस जास्त गेले तर जाऊ द्या. बाग पुढे पंधरा वर्षं उभी राहणार आहे.

खरड छाटणी: एप्रिल

माल निघाल्यावर वेलीला १५ ते २० दिवस विश्रांती द्यायची. विश्रांती म्हणजे पाणी तोडणं नव्हे. हलकं पाणी आणि थोडं खत चालू ठेवायचं, पानं हिरवी राहिली पाहिजेत, कारण याच पानांनी तयार केलेलं अन्न मुळांत आणि ओलांड्यात साठतं आणि एप्रिलची पहिली फूट त्याच साठ्यावर निघते. मार्चमध्ये बेदाण्याला माल काढून दुसऱ्याच आठवड्यात छाटलेल्या बागा अर्ध्या फुटतात, अर्ध्या तशाच बसतात.

तारीख शक्यतो एप्रिलचा पहिला पंधरवडा. याचं कारण घडनिर्मितीत आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या मालाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि त्या वेळी डोळ्यांवर भरपूर ऊन लागतं. १० एप्रिलला छाटलं तर हा काळ २० मे ते ९ जून असा पडतो. १० मेला छाटलं तर तो १९ जून ते ९ जुलै होतो, म्हणजे ऐन ढगाळ दिवसांत. मग ऑक्टोबरात घडाच्या जागी बाळी (वेलीचा ताणा) निघते.

छाटणीच्या आधी बोदाला (वेलींच्या ओळीखालच्या वरंब्याला) भरपूर पाणी देऊन माती वाफशावर आणायची. शेणखत आणि सुपर फॉस्फेट बोदात आधीच मिसळलेलं असावं. छाटताना प्रत्येक काडी बुडाशी एक डोळा राखून कापायची. काप डोळ्याच्या वर पाव इंच, आणि उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे कापातून गळणारं पाणी डोळ्यावर येत नाही. डोळ्याला चिकटून कापलं तर काडी वाळत वाळत डोळ्यापर्यंत येते. लांब ठूठ ठेवलं तर दरवर्षी ते इंच-दोन इंच वर सरकतं आणि चार वर्षांत काड्या ओलांड्यापासून वीतभर उंच जाऊन बसतात. असे जुने वाढलेले फाटे याच छाटणीत खालच्या डोळ्यावर आणून घ्यावेत, पण एका वर्षात सगळे नव्हे, एका वेलीवरचे चार-पाच.

वाळलेलं लाकूड काढून मोठ्या जखमांना १० टक्के बोर्डो पेस्ट लावायची (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर). बाकी ओलांड्यावर १ टक्का बोर्डोची फवारणी पुरते.

एप्रिलच्या उन्हात पानं नसलेला ओलांडा वरच्या बाजूने भाजतो. साल तडकते आणि वरचे डोळे मरतात. तीच बाजू पुढे मोकळी दिसते आणि लोक ती कीड समजून औषधं मारत बसतात. छाटणीनंतर फूट निघेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ ओलांड्यावर साध्या पाण्याची फवारणी करा. साल ओली राहिली की डोळे मऊ पडतात आणि पुढेमागे दोन-चार दिवसांच्या फरकाने एकदम निघतात. या छाटणीला हायड्रोजन सायनामाईडची सहसा गरज पडत नाही, उष्णताच ते काम करते. ४० अंशांच्या उन्हात ऑक्टोबरची मात्रा लावली तर डोळे जळतात.

फुटी काढणी दोन फेऱ्यांत करायची. पहिली फेरी दोन-तीन पानांवर, त्या वेळी एका डोळ्यातून निघालेल्या जोडफुटींतली एक काढायची. दुसरी फेरी पाच पानांवर. इथे हिशेब पक्का हवा. ९ बाय ५ वर एका वेलीला ४५ चौरस फूट जागा मिळते आणि तिच्यावर ३२ ते ३५ काड्या पुरतात. अडीच फुटांच्या ओलांड्याच्या प्रत्येक अंगाला साडेतीन इंचांवर एक काडी ठेवली की एका अंगाला आठ-नऊ, दोन्ही ओलांड्यांच्या चारही अंगांना मिळून तेवढ्याच होतात. टोळीतल्या प्रत्येकाच्या हातात साडेतीन इंचांचा काडीचा तुकडा द्यावा. नजरेने अंतर धरलं की सकाळी साडेतीन इंच असतं आणि दुपारनंतर दोन इंच होतं.

कोणती ठेवायची? ओलांड्याच्या कडेने निघालेली मध्यम जाडीची. ओलांड्याच्या माथ्यावरून सरळ वर निघालेली फूट सगळ्यात देखणी दिसते आणि बहुतेक लोक तीच राखतात. ती काढा. ती जाड, लांब पेरांची आणि वांझ होते, आणि शेजारच्या तीन काड्या तिच्यामुळे बारीक राहतात. ओलांड्याच्या पोटाकडून निघालेली फूट सावलीत राहते, तीही काढायची. दाट ठेवू आणि नंतर पाहू, असं करू नये. जूनमध्ये काढलेल्या फुटीने तोपर्यंत खाऊन घेतलेलं असतं.

सबकेन

थॉमसन आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, माणिक चमन यांसारख्या जातींत काडीच्या बुडाचे डोळे फारसे फलदायी नसतात, घड वरच्या डोळ्यांत येतो. म्हणून त्यांना सबकेन करतात. फुटीला नऊ-दहा पानं झाली की सातव्या पानावर खुडायची. काडीची पळापळ थांबते आणि खुडलेल्या जागी होणाऱ्या गाठीजवळच्या डोळ्यांत अन्न साठतं. वरून निघालेल्या दोन-तीन बगलफुटींतली फक्त टोकाची पुढे चालवायची. हीच सबकेन. तिला पाच-सहा पानं झाली की पाचव्यावर परत शेंडा मारायचा. काळ्या जातींना, शरद सीडलेससारख्यांना, सबकेनची गरज नाही. सरळ काडी चालते.

खुडण्याची वेळ चुकली की फरक तिथूनच सुरू होतो. बारा-तेरा पानांपर्यंत जाऊ देऊन मग सातव्यावर कापलं तर पानं गेल्यामुळे काडीला धक्का बसतो, बगलफुटी एकदम चार-पाच निघतात आणि डोळे अर्धे जागे होऊन वाया जातात. नऊ पानांवर शेंडा अजून मऊ असतो, अंगठा आणि तर्जनीत चिमटला की टचकन तुटतो. कात्री लागायला लागली म्हणजे उशीर झाला.

आणि इथेच सुरुवातीचं सूत्र वापरायचं. टोळी सांगितल्याप्रमाणे सगळ्या बागेत एका दिवसात फिरते आणि नऊ पानांची, सहा पानांची, चौदा पानांची फूट सगळ्यांचाच शेंडा मारून टाकते. असं करू नका. पहिल्या फेरीत फक्त नऊ-दहा पानांच्या फुटी घ्या. बाकीच्या तशाच सोडा. चार-पाच दिवसांनी दुसरी फेरी घ्या, तेव्हा मागच्या फुटी नऊ पानांवर आलेल्या असतात. थांबलेली फूट पाच दिवस थबकते, तेवढ्यात मागची तिला गाठते. मजुरीची एक फेरी वाढते खरी, पण ऑक्टोबरच्या पेस्टिंगला जो पैसा जातो त्याच्यापुढे ही मजुरी काहीच नाही. दोन फेऱ्यांनंतरही सहा पानांच्या आत राहिलेल्या फुटींची सबकेन करायची नाही, त्या सरळ वाढू द्यायच्या.

बगलफुटी काढण्याबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पान वाकवून बगलेत बघा. तिथे दोन गोष्टी अगदी लागून असतात: एका बाजूला बगलफूट, दुसऱ्या बाजूला फुगीर, खवल्यांनी झाकलेला मुख्य डोळा. येत्या ऑक्टोबरचा घड त्या डोळ्यात आहे. बगलफूट दोन-तीन पानांची, मऊ असताना कडेला ढकलली की स्वच्छ निघते. ती कडक झाल्यावर ओढून काढली तर बुडाची साल डोळ्यासकट उपटून येते. म्हणून उशीर झालेल्या बगलफुटी मुळातून न काढता एक पान राखून खुडाव्यात. ज्या बागांत ऑक्टोबरात टोकाचा डोळा फुटतो आणि गाठीजवळचे डोळे वाळलेले निघतात, तिथे बहुतेक वेळा जूनमध्ये ओरबाडलेल्या बगलफुटी हेच कारण असतं.

या काळात नत्र आणि पाणी हातचं राखून द्यायचं. फूट निघून वाढेपर्यंत भरपूर, पण ४० व्या दिवसापासून ६० व्या दिवसापर्यंत पाणी कमी करायचं, पानं दुपारी जराशी मलूल होऊन संध्याकाळी ताठ होतील इतकंच. पाणी आणि नत्र जास्त झालं की वेलीत जिबरेलिनचं प्रमाण वाढतं आणि डोळ्यातला घड बाळीकडे वळतो. वाढ फारच जोरात असेल तरच पाच पानांवर क्लोरमेक्वाट ५०० पीपीएम (५० टक्क्यांचं औषध लिटरला १ मिली) घ्यावं. निर्यातीचा माल असेल तर अवशेषांचा विचार करून, शिफारस पाहूनच. पाणी-नत्र आवरलं नाही आणि वर औषध मारत राहिलं, तर औषधाचे पैसे वाया जातात.

सगळी मिळून पंधरा-सोळा पानं झाली की शेंडा थांबवायचा. काड्या इंग्रजी वायच्या आकाराच्या सांगाड्याच्या दोन्ही अंगांना पंख्यासारख्या पसरून बांधायच्या. एकीवर एक पडलेल्या काड्यांतल्या खालच्या काडीचे डोळे अंधारात राहतात आणि त्यांत घड धरत नाही.

पावसाळ्यात काडी पिकवणं

छाटणीनंतर ६० दिवसांपुढे काडी पिकायला लागते. यात करायचं फार नाही, फक्त बिघडू द्यायचं नाही. पालाश ड्रिपमधून, नत्र बंद, शेंडे चालले तर खुडायचे, आणि पानं सप्टेंबरअखेरपर्यंत जपायची. करपा, भुरी, तांबेरा यांनी ऑगस्टमध्येच पानं गळाली तर काडी कच्ची राहते आणि डोळे अवेळी फुटतात.

पिकलेली काडी ओळखायची तर कापून बघा. गाभा पूर्ण तपकिरी, लाकूड घट्ट आणि पांढरट, साल तपकिरी. गाभा हिरवट असेल तर काडी कच्ची. बागेतल्या वेगवेगळ्या वीस ठिकाणच्या काड्या कापून बघितल्यात तर ऑक्टोबरात कुठला कोपरा मागे राहणार हे सप्टेंबरातच कळेल.

गोडी छाटणी आणि पेस्टिंग

छाटणीच्या आधी डोळे तपासून घ्या. जाड, मध्यम, बारीक अशा तिन्ही प्रकारच्या काड्या नमुन्याला द्या. तासगाव-सांगलीकडे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. अंदाजाने सहाव्या डोळ्यावर कापायचं आणि घड सातव्यात असायचा, हे नुकसान तपासणीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठं आहे. सबकेन असेल तर बहुतेक वेळा गाठीच्या पुढे एक किंवा दोन डोळे राखून काप बसतो.

छाटणीच्या पंधरा दिवस आधी पाणी कमी करायचं. पानगळीसाठी इथेफॉन ३९ टक्के लिटरला २ ते ३ मिली, पानं जाड आणि हिरवीगार असतील तर तीन. आठ-दहा दिवसांत बरीचशी पानं गळतात आणि डोळे फुगायला लागतात. राहिलेली हाताने काढावीत. ड्रिपच्या एका व्हॉल्व्हवरच्या सगळ्या वेलींची पानगळ आणि छाटणी एकाच वेळी करा. मजूर कमी असतील तर व्हॉल्व्हप्रमाणे दिवस वाटून घ्या, ओळीत मध्येच थांबू नका.

टोळीला काम देताना बोलून सांगण्यापेक्षा दोन वेली स्वतः छाटून दाखवाव्यात आणि त्या वेलींना फीत बांधून ठेवावी. मजूर कुठलेही असोत, कानडी बोलणारे असोत वा मराठी, छाटलेली वेल सगळ्यांना सारखी वाचता येते.

छाटताना काड्या जाडीप्रमाणे पारखायच्या. ८ ते १० मिमीची काडी उत्तम. १२ मिमीच्या पुढची काडी जोर खाते, घड कमी देते. तिच्याऐवजी शेजारी मध्यम काडी असेल तर जाड काढून टाकावी. ६ मिमीपेक्षा बारीक काडीवर माल धरू नये, ती एका डोळ्यावर कापून पुढच्या एप्रिलसाठी जागा राखावी. बारीक काडीवरही घड दिसतो, म्हणून हात मागे येतो. पण तो घड जिरतो किंवा गोळी होतो, आणि वेलीतला फरक वाढवून जातो.

पेस्टिंग छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत. हायड्रोजन सायनामाईड लिटरला ३० ते ४० मिली. ६ ते ८ मिमीच्या काडीला ३०, ८ ते १० मिमीला ४०. पानगळीने डोळे आधीच चांगले फुगले असतील तर कमी बाजूची मात्रा घ्या. डोळ्यावर हिरवा ठिपका दिसत असेल तर त्याला औषध लागू देऊ नका, तो जळतो. औषध टोकाच्या दोन ते तीन डोळ्यांनाच लावायचं. सगळ्या काडीला फासलं तर खालच्या फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) उगीच जाग्या होतात आणि अन्न वाटलं जातं. द्रावणात रंग मिसळावा, म्हणजे सुटलेली काडी लगेच कळते. अर्ध्या सुटलेल्या काड्या हे मागेपुढे फुटीचं सगळ्यात साधं कारण आहे, आणि ते रंगाने टळतं.

या औषधाबाबत गंमत नको. रबरी हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काम करणाऱ्याने आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात घ्यायची नाही. या औषधाने दारू शरीरात पचायची थांबते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. टोळीच्या मुकादमाला हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा.

फूट निघाल्यावर पाच पानांच्या आत फेलफुटी काढाव्यात आणि काडीला एक घड ठेवावा. ४५ चौरस फुटांवर तीस घड, तीनशे ग्रॅमचे धरले तर वेलीला नऊ किलो आणि एकरी साडेआठ टनांच्या पुढे माल होतो. चार किलोला एक किलो बेदाणा या हिशेबाने दोन टनांच्या वर. घडाच्या पुढे पंधरा-सोळा पानांवर शेंडा मारायचा.

तरीही फूट मागेपुढे झाली तर

आधी नमुना बघा, वेल एकटी मागे आहे की ओळीचा शेवट. ओळीचं टोक मागे असेल तर ड्रिप तपासा. चार लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरली तर पाच मिनिटांत सुमारे ३३० मिली पाणी यायला हवं. ओळीच्या सुरुवातीला तेवढं आणि शेवटी दोनशे येत असेल तर छाटणीत शोधून काही मिळणार नाही; लॅटरल धुऊन घ्या, फिल्टर साफ करा, मचूळ पाण्याने बसलेला चुनखडीचा थर आम्ल सोडून काढा. एकाच चिबड कोपऱ्यात पानांच्या कडा करपलेल्या असतील तर ते क्षाराचं दुखणं आहे, चर काढून निचरा केल्याशिवाय तिथली फूट बाकीच्या बागेबरोबर येणार नाही.

टोकाचा डोळा फुटून मागचे बसले असतील तर पाच-सहा पानांवर टोकाच्या फुटीचा शेंडा हलका खुडा. जोर मागे सरकतो आणि आठवड्यात गाठीजवळचा डोळा हलतो, अर्थात तो जिवंत असेल तर.

ओलांड्यावर मोकळ्या जागा असतील तर जानेवारीत, पानं अजून असतानाच, तिथे तारेला रंगीत फीत बांधा. एप्रिलात पानं गेल्यावर मोकळी जागा आणि मेलेला डोळा यांतला फरक कळत नाही. खरड छाटणीच्या वेळी फितीच्या खोडाकडच्या बाजूची ८ ते १० मिमीची एक पिकलेली काडी कापू नका. ती ओलांड्याच्या अंगाने तारेवर आडवी पाडून दोन ठिकाणी बांधा आणि मोकळ्या जागेच्या लांबीइतकीच ठेवून कापा. तिच्या डोळ्यांतून नवीन काड्या येतील, दोन वर्षांत तोच तिथला ओलांडा. ओलांडा निम्म्याहून जास्त मोकळा झाला असेल तर असं जोडकाम करत बसू नये. खोडाच्या माथ्याजवळून निघालेली एक फूट राखून ‘थांबा आणि पुढे चला’ने नवा ओलांडा धरावा, जुना तोवर माल देत राहील, आणि नवा भरला की पुढच्या एप्रिलात जुना कापून टाकावा.